पुरवणी

भवानीपूरच्या माझ्या खोलीत
ताप्तीबाईंनी उत्तरपाड्याहून आणलेली ट्रंक उघडली,
तेव्हा आधी वास आला:
कडुनिंबाचा सुकलेला पाला, रॉकेल.
मग कडा कुरतडलेले
एकशे चौदा चेहरे.

माझं काम चेहऱ्यांचं नाही, कागदाचं.
आम्लानं पिवळा पडलेला कागद पाण्यावर तरंगवायचा,
चिकटपट्टी वाफेनं सैल करायची,
फाटल्या जागी पातळ ठिगळ, गव्हाच्या खळीनं.
कोण ओरडतंय, कशासाठी,
ते भिंतीवर लावणाऱ्यांनी बघावं.

पण हा कागद ओळखीचा निघाला.
फिकट निळ्या ओळी, डावीकडे तांबडा समास,
कोपऱ्यात दोऱ्यासाठी भोक.
पुरवण्या!
इंदुलेखा धर मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या.
निकाल लागले की गठ्ठे रद्दीत जाण्याआधी
मुलींनी कोरी सोडलेली पानं
ब्लेडनं कापून घ्यायच्या.
जिला भूगोलाचं उत्तर आलं नाही
तिच्या पानावर
शाईचा एक माणूस, तोंड उघडून.

बोरूनं काढलेले सगळे. घाईनं नव्हे, जोरानं.
हनुवटीशी कागद फाटलाय
आणि फाटलेलीच रेघ ठेवलीय.
एकाचं नाक समासाबाहेर गेलंय;
यासाठी मुलींचे गुण त्यांनीच कापले असते.

एकाहत्तरावा हिरवा.
बाकी सगळे काळे, हा एकटा
शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखा.
एका जाणकारांनी लिहून ठेवलंय:
हिरवा म्हणजे कुजणं, हिरवा म्हणजे त्या वर्षांची भूक.

ताप्तीबाई म्हणाल्या, लोडशेडिंग होतं हो.
दोन्ही बाटल्या सारख्या, लेबलं सुटलेली.
मी नऊ वर्षांची, कंदील धरून उभी.
पलीकडे ज्यूट गिरणीचा भोंगा झाला, म्हणजे दहा,
हात भरून आला, मी कंदील खाली ठेवला.
पिशीनं थांबायचं ना?
माझ्या बाबांची बहीण ती, थांबणं तिला ठाऊकच नव्हतं.
सकाळी तो हिरवा बघत बसली.
चहा मागितला. प्याली नाही.
त्यानंतर मला
कंदील धरायला तिनं कधीच बोलावलं नाही.

चाळीस वर्षं मी समजतेय, रागावली.

मी काही बोललो नाही.
बहात्तरपासूनचे टेबलावर मांडले फक्त.
डोळ्यावर डोळा चढलेला, कान दुसऱ्याच ओळीवर,
रेघ कागदाच्या कडेवरून खाली उतरून गेलेली,
कुठे तरी फरशीवर पुरी झाली असेल.
बाईंनी एकेक उचलून पाहिला, परत ठेवला.
चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

ट्रंकेच्या तळाशी एक पुरवणी राहिली होती, कोरी.
ही ठेवा तुम्ही, त्या म्हणाल्या,
खळ तपासायला होईल.

सवयीनं मी दिवा आडवा केला.
कागदाची नस अशी तिरप्या उजेडातच कळते.
आणि कोऱ्यावर चर उठले:
कोरड्या बोरूचे, खोल, एकही न अडखळलेला.
शाई केव्हा संपली
अंधारात कळलंच नसावं.
किंवा कळलं असेल.
एक लहान खांदा. वर गेलेला दंड.
कोपराशी पुष्कळदा गिरवलेलं काहीतरी.
वर, मुठीच्या जागी, भोक. दोऱ्याचं.

थोडा खाली धरा, ताप्तीबाई म्हणाल्या.
मी धरला.
अजून डावीकडे.
रस्त्यावरून कोळशाची हातगाडी गेली, शेजारी कुणी नळ बंद केला.
माझा हात भरून आला होता.